पुंजारामनानांचा मंगळवार

हे लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. खरं तर लिहिणारच नव्हते, कारण यात चूक माझी आहे आणि ती सांगितल्याशिवाय नानांबद्दल लिहिता येत न्हाई. आज एका दमात टाईप करते. परत वाचून बघितलं तर डिलीट करीन.

पुंजारामनाना माळसावंगीच्या नगरपंचायतीत रोजंदारीवर आहेत. त्यांचं मेन काम म्हणजे मंगळवारचा बाजार आखायचा. पहाटे पाचला बाजारतळावर येतात, हातात बुडाला भोकं पाडलेला डबा, डब्यात पांढरी फक्की. डबा हलवत चालतात, मागं रेघ पडत जाते. टेप न्हाई, सगळं पावलांवर. भाजीवालीला तीन पावलं, भांडेवाल्याला पाच. मधली वाट नऊ पावलं. पहिले सातच होती. एका उन्हाळ्यात सोनूबाई, म्हणजे कुंभार पिंपळगावहून मिरच्या घेऊन येते ती, भोवळ येऊन पडली आणि गर्दीतून रिक्षा काही आत येईना. पुढच्या मंगळवारी वाट नऊ पावलांची. ठराव न्हाई, मीटिंग न्हाई. सोनूबाई अजून म्हणते, "नाना, रस्ता माझ्यामुळं रुंद झाला, नाव बी माझंच द्या त्याला."

एसटीनं गाठोडं घेऊन येणाऱ्या बाया पुढं, स्टँडच्या बाजूला. पिकअपवाले मागं. पिकअपवाले दर मंगळवारी भांडतात, नाना ऐकून घेतात आणि डबा हलवत पुढं जातात. सगळ्यात मागं दोन रांगा आखून मोकळ्या सोडतात. नवीन कोणी आलं तर बसंल कुठं, म्हणतात. त्या भरल्या की अजून दोन. तीस वर्षं झाली.

आता माझं. मी केदारखेड्याची, इथं रूम करून कॉलेज करते. मागच्या ऑक्टोबरात मला येऊन दीडच महिना झाल्ता. तेव्हा नगरपंचायतीनं विकास आराखडा करायला घेतला, म्हणजे पुढच्या वीस वर्षांत गाव कुठं वाढंल, रस्ते कुठून जातील, त्याचा नकाशा. काढणारे बाहेरचे. म्हणून आज कोणती जागा कशाला वापरतात ते फिरून भरायला आमच्या कॉलेजची पोरं घेतली. माझ्या वाट्याला बाजारतळ आल्तं. मी गेल्ते गुरुवारी, दुपारी दोनला, ऊन मरणाचं. मैदान मोकळं. लिंबाखाली एक म्हातारा बसलेला. ही जागा कशाची, म्हणून विचारलं.

"आज काहीच न्हाई पोरी. मंगळवारी ये, मंग दाखवतो."

मोबाईलवर पर्याय होते. घर, दुकान, शेती, शाळा, रिकामी जागा. मला रूमवर जायची घाई होती. मी रिकामी जागा दाबलं आणि निघाले.

नंतर मंगळवारी भाजी घ्यायला जायला लागले तेव्हा तिथं भरलेला बाजार बघितला. पण कोणाला बोलले न्हाई. वाटलं, एवढ्या मोठ्या नकाशात माझ्या एका बटनानं काय होतंय. लिंबाखालचा तो म्हातारा म्हणजे नानाच, मला ओळखायचे, गुरुवारवाली म्हणून चिडवायचे.

या जूनमध्ये नकाशाचा मसुदा ऑफिसच्या भिंतीवर लागला. हरकतीला तीस दिवस. नानांनी मलाच नेलं वाचायला. बाजारतळावरून अठरा मीटरचा रस्ता, सरळ हायवेपर्यंत. रिकाम्या जागेतून रस्ता नेला की कोणाचं घर पाडावं लागत न्हाई, नकाशावाल्यांचंही बराबरच आहे. पण नकाशात बाजार न्हाईच, मंग त्याला दुसरी जागा तरी कोण ठेवणार? मी तिथंच भिंतीसमोर सगळं सांगून टाकलं. नानांनी भिंतीवरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"खोटं कुठं लिव्हलंस तू? गुरुवारी रिकामंच व्हतं."

रागावले असते तर बरं झालं असतं.

हरकतीचा अर्ज मी लिहिला. क्लार्क सर्जेराव वाईट माणूस न्हाई, पण अर्ज बघून म्हणाले की नाना, तुमची तिथं एक वीतभर जागा न्हाई, तुम्ही हरकत कोण म्हणून घेऊन राह्यले? त्या जागेशी तुमचा संबंध काय, असा रकानाच होता. नाना म्हणाले, "लिही, फक्की टाकतो." तेच लिहिलं.

सुनावणीला चार तास बसलो, आत चार मिनिटं. नाना एवढंच म्हणाले की साहेब, एकदा मंगळवारी या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान हलवली. मी बाहेर येऊन रडले, वाटलं जमलं.

काल पत्र आलं. जागेची पाहणी येत्या बुधवारी, सकाळी अकरा.

मी पळत सर्जेरावांकडं गेले. मंगळवारी साहेबांची जालन्याला बैठक असते, तारीख बदलत न्हाई, म्हणाले. बाजारवाल्या बायांना विचारलं, तर बुधवारी त्यांचा दुसऱ्या गावचा बाजार. एक दिवस बुडला तर माल सडतो, कोणत्या तोंडानं या म्हणू? एकट्या सोनूबाईनं येते म्हणून सांगितलं.

संध्याकाळी नाना लिंबाखाली गुडघा चोळत बसल्ते. मी म्हटलं, आता काय करायचं? म्हणाले, "काय करायचं? मंगळवारी आखतो तसं बुधवारी बी आखतो." मंग माझ्याकडं न बघता, "थकलो गं पोरी आता."

मला डोळ्यापुढं दिसून राह्यलं, सगळं मैदान आखलेलं, चौकटीच चौकटी, आणि त्यात एक म्हातारा आणि एक मिरचीवाली. साहेब गाडीतूनच बघणार आणि लिहिणार, रिकामी जागा. मी लिहिलं तसंच.

म्हणून हे टाकून राह्यले. घनसावंगी, आष्टी, जालना, जिथं असाल तिथून बुधवारी या. अकराच्या आधी या. विकायला काही नसलं तरी चालंल, नानांना भेटा, कुठं बसू म्हणून विचारा, ते जागा दाखवतील. मागच्या दोन रांगा मोकळ्याच आहेत.