अर्ध्या टाकीच्या काकू

काळ्या मिठाच्या वासाला घाबरून मी एका सत्तरीच्या बाईंना नुसत्या मोज्यांवर बर्फात उभं केलं होतं.

त्या आमच्या काकू. मूळच्या नागपूरच्या, पण टोरोंटोहून हजारो मैल पश्चिमेला, पेंबर्टनच्या डोंगराळ खोऱ्यात मुरलेल्या. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहून लॅपटॉपवर टोरोंटोच्या ऑफिसची कामं करायचो. खोऱ्याच्या वरच्या अंगाला ज्वालामुखी. तो हिमनदीला भोकं पाडून वाफ सोडतो आणि कधीकधी गंधकाचा वास येतो, एवढं मी वाचलं होतं. एवढंच वाचलं होतं. त्या सकाळी वास आला, मी वर धावलो आणि काकूंना दंडाला धरून अंगणात आणलं.

"काहून रे बापा?"

"काकू, ज्वालामुखी."

"पादेलोण आहे ते. जिरेगोळ्यांसाठी कुटून राहिली होती मी."

मग त्यांची नजर माझ्या गाडीवर गेली. तोंड भिंतीकडे, टाकी कोरडी. "अन् खरंच फुटला असता, तर कशात पळणार होता?"

काकूंची गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून उभी असे. टाकी अर्ध्याखाली गेली की त्यांना घास गोड लागत नसे. दाराशी पिशवी तयार: औषधं, पासपोर्ट, राखेसाठी मास्क आणि मेतकुटाचा डबा. "डोंगराला भ्यायचं नाही," त्या म्हणत. "गाडी वळवून लावायची अन् झोपायचं." मला हा म्हातारपणीचा छंद वाटे. तरी त्यांच्या धाकाने मीही गाडी वळवून लावू लागलो.

एका हिवाळ्याच्या तोंडावर पाऊस थांबेचना. ज्वालामुखीचा वरचा कडा सुटून नदीत येईल, ताबडतोब निघा, असा फोनवर अलर्ट आला. काकूंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांची गाडी मलाच चालवायची होती. पेट्रोलपंपावर ही रांग. आम्ही तिच्या शेजारून सरळ निघून गेलो. काकूंनी पिशवीतून जिरेगोळी काढून माझ्या तोंडात घातली. "चघळ. नजर रस्त्यावर ठेव."

कडा सुटला नाही. पण आपण वेळेवर निघू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते काकूंमुळे.

पुढे टोरोंटोच्या ऑफिसने बोलावून घेतलं. आता काँडोच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्येही मी गाडी वळवूनच लावतो. शेजारी हसतात. खोरं सोडून निघताना काकूंनी जिरेगोळ्यांची बरणी दिली होती. मी पाया पडलो, म्हटलं, "काकू, तुमच्यामुळे थोडा शहाणा झालो."

"झाला असशील. तिकडे वास आला, तर बिल्डिंग रिकामी करू नको. तू एकटाच बाहेर जा."