लाल डगल्याची हजेरी

रोज सकाळी सहाला गुंडा हवालदार उंबऱ्यात ताठ उभा राहायचा, सदऱ्याचं वरचं बटण लावायचा आणि मोबाईलवर एकच चित्र पाठवायचा. लाल डगला आणि भुवयांपर्यंत उतरलेली उंच, काळी, केसाळ टोपी घातलेला शिपाई, इंग्लंडच्या राजवाड्यापुढं उभा असतो तसला.

चित्र जायचं पलटणीतल्या नऊ पेन्शनरांच्या ग्रुपवर. त्यांच्यातलाच कवठे महांकाळचा अर्जुना घरात मरून दोन दिवस पडून राहिला, तेव्हापासून गुंडानंच ही हजेरी सुरू केली होती. नऊही जणांनी रोज तोच शिपाई पाठवायचा. ज्याचा शिपाई दिसला तो माणूस पहाऱ्यावर आहे, फोन करायचा नाही. सातपर्यंत दिसला नाही, तर जवळच्यानं जाऊन बघायचं.

ग्रुपमधला, शेजारच्या गावचा धनाजी तेव्हा हसला होता. "गड्या, ही अस्वलाची टोपी आपण कवा घातली रं?"

"टोपी बघू नगंस. कुणी कितीबी चिडवलं तरी त्यो जागचा हलत न्हाई, त्ये बघ."

बायको रंगूबाई गेल्यावर गुंडा उसाच्या मळ्यात एकटाच राहिला. तासगावला दिलेली लेक क्रांती आर्जवं करायची, "आबा, हिकडं या." उत्तर म्हणून तो तिलाही तोच शिपाई पाठवायचा.

त्या मंगळवारी गुंडाचा शिपाई वेळेवर आला. संध्याकाळी धनाजी त्याच्याकडे जाणार होता, पण दुपारपासून गुडघा ठणकायला लागला. त्यानं मोबाईल उघडून लाल डगला पुन्हा एकदा पाहिला, आणि उद्या जाऊ म्हणून पाय लांब केले.

बुधवारी आठच शिपाई आले.

धनाजी मळ्यात पोचला तेव्हा गुंडा पाण्याच्या टाकीजवळ पालथा होता. खुब्याचं हाड मोडलेलं. काल सकाळी पडला असावा, जीव रात्री गेला, असं डॉक्टर म्हणाले. काल कुणी आलं असतं तर, एवढं बोलून त्यांनी कागद भरायला घेतला. मोबाईल उंबऱ्यावरच होता. मातीत कोपरांनी सरपटल्याची रेघ त्याच्याकडे गेली होती आणि तीन हात अलीकडे थांबली होती.

क्रांती आली. धनाजी तिच्याकडे बघू शकला नाही.

"काका," ती म्हणाली, "मलाबी आला हुता शिपाई."

धनाजीच्या हातात अजून पिशवी होती. सोमवारी फोन ठेवता ठेवता गुंडा म्हणाला होता, "उद्या येताना पावशेर साखर आण रं. माझी संपलीया."