टाळ्यांचा मेंदू आणि थांबवणारी मी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत कतारगामला आमची मराठी शाळा होती. निम्मी पोरं खानदेशी, लूम-कारखान्यात राबणाऱ्यांची. विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंनी ठरवलं, मेंदू पुठ्ठ्याचा नको, पोरांचाच करू. प्रत्येक पोर म्हणजे एक चेतापेशी. शेजारच्यानं टाळी वाजवली की आपणही वाजवायची.

पहिल्याच दिवशी असा कालवा उठला की पलीकडच्या वर्गातले सर धावत आले. टाळ्या थांबतील तर शप्पथ! बाई म्हणाल्या, "मेंदूत काही पेशी बाकीच्यांना गप्प करतात. थोड्याच असतात, पण एकेक कितीतरी जणींना आवरते. सगळ्या एकदम गप्प झाल्या, की पुन्हा सुरूही एकदम होतात. म्हणून तर ताल येतो." आणि बोट माझ्याकडे! वर्गातली सगळ्यात बडबडी मी, आणि मला टाळीच नाही. गलका चढला की नुसता हात वर करायचा, मग खाली.

असा संताप आला म्हणून सांगू! आई कारखान्यात बॉबिन भरायची. अर्धी पाळी सोडून ती खास मला बघायला येणार होती. काय बघणार, कप्पाळ? खांबासारखी उभी पोरगी?

प्रदर्शनात ठेका छान बसला. टाळ्या चढल्या, माझा हात वर, गप्प. हात खाली, की सगळे एकदम सुरू. लोक माना डोलवत होते. आई मात्र कपाळाला आठ्या घालून उभी. मग कारखान्यात बोलतात तसल्या खणखणीत आवाजात तिनं बाईंना सांगितलं, "बाई, मनी आंडेरले बाहेर काढा." माझ्या पोरीला बाहेर काढा!

आता ही मला घरी नेणार, सगळ्यांसमोर. रडू आवरत मी बाजूला झाले.

पोरांनी पुन्हा सुरुवात केली आणि अगं बाई, काय तो धिंगाणा! कुणाचा कुणाला मेळ नाही. लोकांनी कान झाकले. आईनं ते सगळं नीट ऐकून घेतलं.

"आते तिले परत घाला," ती म्हणाली.

मी पळतच जागेवर गेले आणि हात वर केला. सगळं चिडीचूप. त्या शांततेत आईचा आवाज तेवढा हॉलभर घुमला. शेजारच्या अनोळखी गुजराती बाईला ती सांगत होती, "दखं का? मनी आंडेर शे ती!"