कोहळ्याला पहिली चीर

आमच्या घरी अख्ख्या कोहळ्याला बाईनं पहिली चीर द्यायची नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. कारण काय, तर कोहळं म्हणजे घरातला मोठा मुलगा. रिसोडच्या बाहेर आमचा भाजीचा मळा आहे, कोहळी वेलावर लोळत असतात. पण बाबा किंवा दादा घरी येईपर्यंत आईच्या विळीपुढे कोहळं पाहुण्यासारखं बसून राहायचं. मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. आयुर्वेदाच्या कॉलेजात जाईपर्यंत तरी नाही.

तिथे शरीररचनेच्या हॉलमध्ये, टेबलावरच्या मृतदेहाशी, सरांनी पहिल्यांदा स्काल्पेल, ती छोटी धारदार सुरी, पुढे केलं आणि मी ते शेजारच्या मुलाकडे सरकवलं. त्याला वाटलं, मुलगी विनयशील आहे. विनय आमच्या सात पिढ्यांत नाही. हात पुढे होत नव्हता, इतकंच. वर्षभर हेच चाललं. पहिली चीर तो द्यायचा, पुढचं सगळं मी नीट करायची. शरीर छेदायची प्रतलं तर तोंडपाठ होती: सॅजिटल प्रतल शरीराचे डावा-उजवा असे भाग करतं, कोरोनल पुढचा-मागचा, ट्रान्सव्हर्स वरचा-खालचा. मग परीक्षेच्या तोंडावर सर म्हणाले, "प्रॅक्टिकलला प्रत्येकानं माझ्यासमोर स्वतः छेद घ्यायचा. शेजाऱ्याची मदत चालणार नाही." बोलताना ते माझ्याकडेच पाहत होते. मी पार घाबरले. नापास झाले तर घरी बसायचं, आणि घरी बसलेल्या मुलीला पाहायला लगेच पाहुणे यायला लागतात.

अभ्यासाच्या सुट्टीत घरी आले आणि दादाला अंगणात उभं केलं. ही प्रतलं समजून घ्यायची तर माणूस ठरलेल्या पद्धतीनंच उभा पाहिजे: ताठ, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. तळवे पुढे केल्यावर दादा उसनं पीठ मागायला आल्यासारखा दिसू लागला. मी निळ्या मार्करनं त्याच्या बनियनवर गळ्यापासून बेंबीपर्यंत मधोमध रेघ ओढली.

"ही सॅजिटल. तुरीच्या दाण्याची डाळ होते, तसे तुये दोन भाग."

"अन् मंग?"

"मंग तोंड एकीकडं, पाठ एकीकडं, ते कोरोनल. अन् दुधीच्या चकत्या कराव्या तसं ट्रान्सव्हर्स."

"चकत्या नोको," दादा म्हणाला. "डाळच बरी."

नेमकी तेव्हाच आई बाहेर आली. मोठ्या मुलाच्या छातीवर कापायची रेघ पाहून ती जागीच थांबली.

"काय करून राह्यली तू त्याले?"

"अभ्यास," मी म्हटलं आणि त्याच दमात चिरायला कोहळं मागितलं. वेळ साफ चुकली. आईनं सरळ नकार दिला. मग माझंही डोकं फिरलं.

"आई, तठी कॉलेजात अख्खा माणूस चिराले देतात, अन् तू कोहळं देत नाही."

"तो माणूस सरकारी असते," आई म्हणाली. "कोहळं घरचं आहे."

दादानं सलोखा करायचा म्हणून विळी घेतली. मी कोहळ्यावर उभी रेघ आखून दिली होती, त्यानं आडवं कापलं. वर म्हणतो, "मधूनच तं कापलं." त्या दिवशी आईनं कोहळ्याची गोड बोंडं तळली. मी ती रागारागात खाल्ली, पण बरीच खाल्ली. खाऊन झाल्यावर राग उतरला आणि आईला खरं ते सांगून टाकलं.

"मले चिरता येते, आई. पयलीच चीर देता येत नाही. हातच जात नाही. नापास होईन मी."

आई उष्टी ताटं उचलून आत गेली.

मी निघायच्या दिवशी सकाळी तिनं वेलावरून नवं कोहळं तोडून ओट्यावर ठेवलं. माझ्या हाती सुरी दिली. मग दादाला हाक मारली, त्याला शेजारी उभं केलं आणि त्याचं मनगट गच्च धरलं.

"हे कायले?" मी विचारलं.

"मोठा पोरगा माह्या हातात आहे. तू चीर."

तिनं डोळे मिटले. दादानंही मिटले, उगाच. मी वरून खाली, मधोमध चीर दिली. डोळे उघडल्यावर आईनं आधी दादाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मगच कोहळ्याच्या दोन भागांकडे पाहिलं. "सरळ आली," म्हणाली. दादाचं मनगट मात्र अजून तिच्या मुठीतच होतं. एवढी घाबरत असूनही तिनं हे माझ्यासाठी केलं, ते तेव्हा कळलं आणि मला रडू आलं.

प्रॅक्टिकलला मला छातीची मधली रेघ मिळाली.

"प्रतल कोणतं?" सरांनी विचारलं.

"सॅजिटल, सर. अगदी मधलं."

स्काल्पेल टेकवलं आणि हात थबकला. शेजारचा मुलगा वर्षभराच्या सवयीनं पुढे सरकला. "मागं हो," मी त्याला म्हटलं आणि चीर दिली.

बाहेर येऊन आधी आईला फोन लावला.

"झालं, आई. पयली चीर मीच देल्ली."

"सरळ आली?"

"आली."

पलीकडे तिनं मोठा श्वास सोडला. मागून दादाचा वैतागलेला आवाज आला, "आता तरी सोड म्हण इले. भाजी सुकून राह्यली, मले बाजार गाठाचा आहे. सकाळपासून मनगट धरून बसली आहे माह्यं."