चौथ्या लढाईनंतर काय उरलं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आकड्यांच्या ज्या तक्त्यावर मला पुण्यात पहिली नोकरी लागली तो माझा नव्हता. तो माझ्या मित्राने, तोंडवलीच्या प्रकाशने केलेला होता. आणि पुढे चारेक वर्षांनी त्यालाच मी सांगितलं, की त्यात काही दम नाही. पहिल्या गोष्टीला चोरी म्हणतात. दुसरीला काय म्हणतात ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

२००३च्या जानेवारीत मी मालवणच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, आणि पायांच्या मध्ये घट्ट धरलेली बॅग. बाबा शिक्षक, घरात मालवणी, चारचौघांत शुद्ध. "मागे बघत बसू नकोस, पुढचं बघ," असं ते तिसऱ्यांदा सांगत होते तेवढ्यात प्रकाश मोटरसायकलवरून आला. बंदरावरून थेट आला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"वही खंय आसा रे?" त्याने आल्या आल्या विचारलं.

त्या तक्त्याची वही बॅगेत होती, शर्टांच्या खाली. मी म्हटलं, "घराकडे असतली. आयेन माळ्यार ठेवली काय कोण जाणे."

आई शेजारीच उभी. "मी? मी खंय ठेवलंय?"

"अगो, तूच नाय तर कोण?" मी जरा चिडूनच म्हटलं. आई गोंधळली. लेक चालला होता, तिने वाद घातला नाही. प्रकाश हसला. "आसांदे. काकी, शोधून ठेवा, मी नेतंय मागे." मग माझ्या पाठीत धपाटा घालून, "पुण्यात जावन पोथयेवालो होव नको हां मेल्या."

ह्या वाक्यावर मी हसलो असेन. आठवत नाही. बॅग वर फळीवर ठेवायला कंडक्टरने सांगितलं तेव्हा मी ती मांडीवर घेतली, एवढं आठवतं.

'पोथयेवालो' म्हणजे काय ते सांगायला हवं. माझा मावसभाऊ बोटीवर होता. त्याने परदेशातून एका खेळाचं जाड पुस्तक आणि वीस बाजूंच्या फाशासकट फाशांची एक पिशवी आणली होती. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. आम्ही पुस्तकाची झेरॉक्स काढली आणि प्रकाशच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीत, जाळ्यांच्या ढिगावर बसून खेळायला लागलो. त्या खेळात मंत्र टाकणारे तीन तऱ्हेचे. एक पोथीवाला: त्याला मंत्र ढीगभर येतात, पण आज कुठले वापरणार ते सकाळीच ठरवावं लागतं. दुसरा उपजत: त्याला मोजकेच येतात, पण कुठलाही केव्हाही टाकतो. तिसरा भगत: देवाकडे मागून घेतो, जखमाही बऱ्या करतो. सगळ्यांत ताकदवान कोण, ह्यावर आमची दोन वर्षं भांडणं चालली.

मी पोथीवाल्याच्या बाजूचा. त्याचा सगळ्यांत मोठा मंत्र काढून दाखवायचो, की संपला वाद. प्रकाश मान हलवायचा. त्याचं म्हणणं होडी घेऊन समुद्रात जाणाऱ्यालाच सुचेल असं होतं.

"सकाळी होडयेत काय भरलंस ता माका सांगू नको. परतताना काय उरला ता सांग."

२००२च्या पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना त्याने ते कागदावर आणलं. एक दिवस, चार लढाया. तोच दिवस तो पुन्हा पुन्हा खेळायचा, एकटाच, तिघांकडूनही, आणि चौथ्या लढाईनंतर प्रत्येकाकडे काय उरलं ते वहीत मांडायचा. मग त्याने दोन रकाने वाढवले: 'ठाऊक होता' आणि 'ठाऊक नव्हता'. समोर काय येणार ते आधी कळलं असेल, तर पोथीवाल्याला कोणी हरवत नव्हतं. कळलं नसेल, तर तो दुपारीच रिकामा, आणि उपजत संध्याकाळपर्यंत उभा. भगत दोन्हीकडे मधोमध, पण तो असला की बाकीचे मरत नव्हते. "म्हणजे ताकद तेच्यात नाय," प्रकाश म्हणाला होता, "तो दिवस कसलो आसा तेच्यात आसा." त्या खेळात माणूस पातळीपातळीने वाढतो; असं प्रत्येक पातळीचं, वीसही पातळ्यांचं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर सवयीने त्या दिवशीचा वारा लिहिलेला.

त्याच दिवाळीत एका कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीची नोकरीची जाहिरात मी बघितली. आवडत्या खेळावर काहीतरी लिहून पाठवायचं होतं. प्रकाशकडून वाचायला म्हणून आणलेली सगळी वही मी बाजारातल्या सायबर कॅफेत बसून इंग्रजीत उतरवली. होडी वगळली, वारा वगळला. खाली नाव टाकायची वेळ आली तेव्हा दोन नावं टाईप केली होती, हे खरं. मग वाटलं, नोकरी एकालाच देणार. एक पुसलं.

गाडी फोंडाघाटला चहाला थांबली. स्टँडसमोर एसटीडी बूथ होता. प्रकाशच्या वाडीतल्या दुकानाचा नंबर मला पाठ होता. बूथवाल्याने विचारलं, "लावूचो काय फोन?" मी काचेच्या दाराशी उभा. एवढंच सांगायचं होतं: वही माझ्याकडे आहे. एकदा ते सांगितलं असतं की पुढचं आपोआप निघालं असतं. "नको," म्हटलं आणि बिस्किटाचा पुडा घेतला. गाडी घाट चढायला लागली तेव्हा पुडा अजून फोडलेला नव्हता.

पुण्यात कंपनीतल्या साहेबांनी विचारलं, "आधी माहीत असणं आणि नसणं, हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तुम्हाला कसा सुचला?"

"सुचला," मी म्हणालो.

त्या तक्त्यावर कंपनीने मोबाईलचा एक गेम उभा केला. बॅलन्सिंग, टेस्टिंग, बिल्ड हे शब्द तोंडात बसले आणि फोनवर आईशीही मी अर्धं शुद्ध बोलायला लागलो.

२००६च्या चतुर्थीला घरी गेलो तर आरतीला प्रकाश आलेला. हातात नवी वही. "पयली गावली नाय. काकीन सगळो माळो उतरवलो माझ्यासाठी," तो म्हणाला. त्याने सगळं पुन्हा खेळून काढलं होतं. "ही तुझ्या सायबाक दाखव. काय म्हणता ता सांग. खरा ता सांग हां." आई प्रसाद वाटत होती. तिच्याकडे बघवेना.

ती वही चार महिने माझ्या ड्रॉवरमध्ये होती. साहेबांना दाखवली असती तर पहिल्याच पानाला प्रश्न आला असता. प्रकाशचा फोन यायचा. मी उचलायचो नाही. एकदा ऑफिसच्या नंबरवर आला, आणि उचलावा लागला.

"काय म्हणालो सायब?"

"बघितली त्यांनी. म्हणाले, ठीक आहे, पण नवीन काही नाही. ढोबळ आहे."

"ढोबळ म्हणजे?"

"म्हणजे... अंदाजाने केल्यासारखं."

त्याच्या मागे कोणाचं तरी इंजिन फटफटत होतं. "अरे, एकेक दिवस तीस-तीस वेळा खेळललंय मी. अंदाज कसो?" आणि मग, मी काही म्हणायच्या आत, "आसांदे. सायब शिकललो माणूस. तेका म्हाईत."

त्यानंतर तो खेळला नाही. आईनेच एकदा सांगितलं, "प्रकाश हल्ली तुमचो तो खेळ खेळणा नाय. विचारलंय तर म्हणता, माका त्यातला कळणा नाय."

२०१०मध्ये सांगायचंच असं ठरवून तोंडवलीला गेलो. आता तो पर्यटकांना होडीतून फिरवतो. पडवीत बसवून त्याने मला जेवायला वाढलं, बायकोला हाक मारून आणखी एक बांगडा आणायला सांगितलं. मी तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "बरा झाला रे, तेव्हा स्पष्ट सांगलंस ता. नाय तर त्या वहयेत बसान उगाच शाणो समजललंय असतंय स्वतःक." मी घास गिळला आणि भात मागितला.

तुम्ही जे तिकडे गावात राहिलात ते म्हणता, पुण्याचा झालास, गाव विसरलास. आणि माझ्यासारखे जे घाट चढून आले, ते सुट्टीत समुद्राचे फोटो पाठवतात आणि त्याला घर म्हणतात. मला तेवढ्याने भागत नाही. माझं घर म्हणजे ती पडवी, जिथे एक हुशार माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःला अडाणी समजतो. तिथे मी पाहुणा म्हणून जातो, जेवतो आणि येतो.

त्याच्यासमोर बसून एवढं सांगण्याचं देणं मी लागतो, की प्रकाश, साहेबांनी तुझी दुसरी वही कधी बघितलीच नाही, तुझं गणित बरोबर होतं, आणि ते मी माझं म्हणून दिलं. हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.