कर्नलची घबराट आणि साडूभाऊंचं रजिस्टर

यंत्राचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं भाग्य असं की तो माझा साडू आहे. तुम्ही-आम्ही काय करतो? पडद्यावर चार ओळी इंग्रजी उगवलं की ते वाचायच्या आधीच 'ओके' दाबून मोकळे होतो. साडूभाऊंना हा उर्मटपणा वाटतो. "तो बिचारा कायतरी सांगतोय, आन् तुमी त्याच्या तोंडावर दार लावता," असं म्हणून ते चष्मा पुसतात, रजिस्टर उघडतात आणि पडद्यावर असेल ते अक्षर न् अक्षर उतरवून घेतात. मिक्सरच्या बुडाला चिकटवलेल्या सूचना त्यांच्याकडे लिहिलेल्या आहेत. माझ्या लग्नात बँडवाल्याच्या भोंग्यावर काय छापलं होतं, तेही आहे.

हा गुण नोकरीतला. भातसानगरच्या वसाहतीत त्यांचं आयुष्य गेलं. धरणाच्या पाण्याची पातळी तासातासाला वाचून रजिस्टरात लिहायची, हे काम. निवृत्त झाल्यावर किन्हवलीला घर बांधलं, पण नोकरी काही अंगातून उतरली नाही. रोज सकाळी सात वाजता विहिरीची पातळी, गच्चीवरच्या टाकीची पातळी आणि माझ्या मेव्हणीच्या डब्यातल्या तांदळाची पातळी, अशा तीन नोंदी होतात. एकदा तांदूळ एका दिवसात चार बोटं उतरला म्हणून त्यांनी बायकोकडे खुलासा मागितला. तिनं हातातला डाव न ठेवताच तो दिला. त्या दिवसापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं मी वाचलंय : 'पाहुणे. खुलासा समाधानकारक.'

अशा माणसाच्या घरात पुतण्याचा जुना संगणक आला आणि दोघांचं जमलं. त्यात लिनक्स नावाची प्रणाली होती, आणि लिनक्सचा संगणक सुरू होताना शेकडो ओळी भराभरा वर सरकतात. दुसरा कोणी घाबरला असता. साडूभाऊंना वाटलं, शेवटी कामाबद्दल बोलणारं कोणीतरी भेटलं. त्यांनी संगणकालाही धरणाचे नियम लावले. पहिला नियम, बटण दाबलं की हात जोडून डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. धरणाचं दार उघडताना ते असंच करत, कारण खाली गावं असतात. संगणकाच्या खाली फक्त मेव्हणीचं शिलाई मशीन आहे, पण नियम तो नियम. खोलीत जो पुरुष असेल त्यालाही हात जोडून डोळे मिटायला लागायचे. मी पाहुणा माणूस, निमूट जोडायचो. दुसरा नियम, जुनं दप्तर फेकायचं नाही. कर्नल म्हणजे संगणकाचा आतला कारभारी, सगळा डोलारा चालवणारा. दर काही महिन्यांनी नवा कर्नल येतो आणि जुन्याला काढू का, असं संगणक विचारतो. साडूभाऊंनी दर वेळी 'नाही' म्हटलं. सेवा केलेल्या माणसाला असं काढतात होय?

आता यात मेव्हणीचा जीव कुठे अडकला ते सांगतो. आमच्या बायकांची एक मावशी डोळखांबकडच्या पाड्यात राहायची. ती धवळारीण होती. आमच्याकडे लग्नात धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी ही बाई बसल्याशिवाय हळद हलत नाही. मावशीचे धवळे कुठे लिहिलेले नव्हते. ती जायच्या दोन वर्षं आधी साडूभाऊंनी तिला खुर्चीवर बसवून सगळे संगणकात भरून घेतले. मावशीमागे लोकांनी मेव्हणीला बोलावलं. पहिलंच लग्न मुरबाडचं, हळद शनिवारी. बाकीचं तिला येत होतं, पण हळदीच्या लांबलचक धवळ्यात मधेच तिचा धागा तुटे. म्हणून रोज दुपारी ती मावशीचा आवाज लावून बसायची.

आणि मंगळवारी साडूभाऊंनी संगणकाची सगळी प्रणाली अद्ययावत केली. लग्नाआधी घराला रंग काढतात, तशी.

संध्याकाळी मला फोन. शहापुरात मी तंत्रज्ञ म्हणून प्रसिद्ध आहे असं त्यांना वाटतं, कारण मी एकदा त्यांच्यासमोर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. बुधवारी सकाळच्या एसटीनं पोहोचलो. पडदा काळा, त्यावर पांढऱ्या ओळी, आणि सगळ्यात खाली कर्नल पॅनिक. म्हणजे कारभाऱ्याला घर सापडत नव्हतं, म्हणून तो घाबरून जागच्या जागी बसला होता. साडूभाऊ मात्र शांत. बारा पानं भरली होती. मी आवाज जमेल तेवढा अधिकाराचा करून विचारलं, बॅकअप आहे का? ते दुखावले. "नसंल कसा?" म्हणत त्यांनी दुसरं रजिस्टर आणलं. त्यात प्रत्येक फाइलचं नाव, तारीख आणि आकार, शेवटच्या बाइटपर्यंत, मोत्यासारख्या अक्षरात. मावशीचा प्रत्येक धवळा तिथे होता. फक्त आवाज नव्हता.

मेव्हणी उंबऱ्यात उभी राहून हे ऐकत होती. आत जाऊन तिनं भांडी जरा जोरात लावली.

मग आम्ही दोघा पुरुषांनी प्रकरण हातात घेतलं. मुरबाडच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे सर्व रोगांवर एकच औषध होतं : फॉर्मॅट मारू, काका. साडूभाऊंनी त्याला आधी यंत्राची तक्रार रजिस्टरातून वाचून ऐकवली. शून्य, एक्स, मग आठ वेळा शून्य, असं चाळीस मिनिटं चाललं. मधेच त्या बिचाऱ्यानं विचारलं, सुरू करताना मेनू येतो का? साडूभाऊ ठामपणे म्हणाले, "नाय. आजवर कधीच आला नाय." मीही मान डोलावली. फोनवर मान दिसत नाही, हे वेगळं.

मग इंटरनेटवरच्या जाणकारांची पाळी आली. माझ्या मोबाइलवरून साडूभाऊंनी त्यांना रीतसर पत्र लिहिलं : विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की.' एका जाणकारानं कळवलं की हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. दुसऱ्यानं विचारलं की असला संगणक अजून वापरताच का. तिसरा आणि चौथा एकमेकांशी भांडायला लागले, आणि दोन दिवस झाले तरी आमच्याकडे वळून पाहीनात. साडूभाऊंना त्यात काहीच खटकलं नाही. मंत्रालयातही असंच होतं म्हणाले.

दर अर्ध्या तासानं आम्ही संगणक बंद करून पुन्हा सुरू करत होतो. अर्धा तास का, तर एक दार उघडलं की खाली पाणी पोहोचेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नसतो. प्रत्येक वेळी बटण, जोडलेले हात, मिटलेले डोळे, दहा आकडे, आणि डोळे उघडले की घाबरलेला कर्नल.

शुक्रवारी दुपारी मेव्हणी हाताला नाचणीचं पीठ तसंच घेऊन खोलीत आली. तिचा आवाज बसला होता. गाऊन नव्हे, तीन दिवस राग गिळून.

"भाऊजी, मी एक इचारू? ती यादी येते, तिच्यात बघायचं नाय का?"

"कुठली यादी?" आम्ही दोघंही म्हणालो.

"अवो, बटण दाबल्यावर येते ना ती. बारा-पंधरा नावं असतात. जरा थांबते आन् जाते. तुमी दोघं देव आठवत असता तवा."

साडूभाऊंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग ते हळूच म्हणाले, "तू कवापासून बघतेस?"

"संगणक आला तवापासून. मला काय कोनी डोळे मिटायला सांगितलं नाय, आन् कोनी कायी इचारलंबी नाय."

पुन्हा बटण दाबलं. साडूभाऊंचे हात सवयीनं जुळले, पण मेव्हणीनं कोपर मारलं आणि डोळे उघडे राहिले. आली यादी. काढून न टाकलेले सगळे जुने कर्नल ओळीनं उभे होते, बोलावण्याची वाट पाहत. मी नव्याच्या खालचा निवडला. ओळी सरकल्या, सरकत राहिल्या, आणि पडदा उजळला.

आजार काय होता ते मला त्यांच्याच रजिस्टरात सापडलं. मंगळवारच्या तिसऱ्या पानावर, शेकडो ओळींच्या मधे, त्याच शाईत, त्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं की डिस्कवर जागा शिल्लक नाही. जुन्या कर्नलांनी त्यांच्या खोलीत इतकी दाटी केली होती की नव्याचं निम्मं सामान दाराबाहेर राहिलं. मी ओळीवर बोट ठेवलं. हे तुम्ही स्वतः लिहिलंत, मग थांबला का नाहीत?

साडूभाऊंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "नोंद घेनं आपलं काम," ते म्हणाले. "काळजी करनं सायबाचं. धरनावर सायब होता ना." मग चष्मा काढून, न पुसताच परत घातला.

तेवढ्यात मेव्हणीनं धवळा लावला. मावशीचा आवाज खोलीत भरला. अर्ध्यात मावशी खोकली, पाणी प्यायली, भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि तिनं सुटलेला धागा उचलला. मेव्हणी भिंतीला टेकून, पिठाच्या हातानं मांडीवर ताल धरत होती. संध्याकाळपर्यंत तिनं तो अकरा वेळा ऐकला. साडूभाऊंनी तशी नोंद केली आहे.

शनिवारी मुरबाडला मांडव गच्च भरला होता. मेव्हणी हळदीपाशी बसली, पदर सारखा केला आणि गायला लागली. सुरुवातीला आवाज कापला, मग सापडला. अर्ध्यात आली आणि एकदम थांबली. नवरीच्या आईनं वर पाहिलं. धागा तुटला असं मला वाटलं.

शेजारी साडूभाऊ हात जोडून, डोळे मिटून बसले होते. ओठ न हलवल्यासारखं ते मला म्हणाले, "थांब. मावशी पानी पितेय."

भांडं खाली ठेवण्याएवढा वेळ गेला, आणि धवळा पुढे सुरू झाला.