चपलांचे पाच जोड

भिकूमामाच्या गाडीत बसणाऱ्याला तोंडाने हजेरी द्यावी लागे. चावी हातात धरून तो एकेकाचे नाव घेई आणि ज्याने त्याने "आसां", म्हणजे "आहे", म्हटल्याशिवाय इंजिन सुरू करत नसे. एकदा डिचोलीच्या बाजारातून मी एकटीच त्याच्याबरोबर येत होते. तरी त्याने विचारलेच, "मालती?" मी म्हटले, "मामा, मी तुमच्या शेजारीच बसलेय की!" तो समोर बघत थांबून राहिला. शेवटी मीच हरले आणि "आसां" म्हणाले.

नवखी माणसे हसत. मला कधी हसू आले नाही, कारण ही सवय त्याला कुठल्या दिवसापासून लागली ते मला ठाऊक होते.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचा धाकटा भाऊ. गोव्यातल्या सर्वण गावी आमच्या शेजारीच राहायचा. उभा जन्म खाणीवर ट्रक चालवला आणि निवृत्त होताना मोडीत निघालेली कामगारांची मिनीबस घरी आणली. बाके उपटून दोन खाटा ठोकल्या, रॉकेलचा स्टोव्ह आणि पाण्याचे पिंप बसवले, खिडक्यांना बहिणीच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लावले. गावाने भरपूर चेष्टा केली. वाटेत कोणी लवकर चला म्हटले, की त्याचे उत्तर ठरलेले, "घाय कित्याक? घर वांगडा आसा." घर बरोबरच असताना घाई कसली!

घर म्हटल्यावर घराचे नियम आले. चपला दाराशी आंब्याच्या पेटीत काढायच्या. गाडी सोडण्याआधी मामा त्या पेटीत डोकावून चपलांचे जोड मोजायचा. माणसे मोजायचा नाही. "जित्या मनशांक बोटान मेजूं नये गे बाय, दिश्ट लागता," असे तो सांगे. मलाही ते पटायचे. माझी आईसुद्धा आम्हा भावंडांना कधी मोजत नसे.

ते गोवा राज्य होण्याच्या आसपासचे दिवस. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत आवाज चढत. मी मराठी शाळेतली मास्तरीण आणि मामा कट्टर कोकणीवाला, त्यामुळे आमच्याकडे जेवणे गार व्हायची. मे महिन्यात त्यानेच फर्मान काढले, "वाद हांगाच दवरात आनी गाडयेंत बसात." मामा, सासूबाई, माझे यजमान, मी आणि पाच वर्षांची आमची सुली, असे आम्ही वाद घरीच ठेवून निघालो. एक रात्र हरमलच्या समुद्रकाठी काढली आणि दुसऱ्या दिवशी पणजी बघायला गेलो. तेव्हा मांडवी फेरीबोटीने ओलांडावी लागे.

सुलीने त्या दिवशी पणजी डोक्यावर घेतली. चर्चच्या पायऱ्या दोनदा चढली, मिरामारच्या वाळूत लोळली. दुपारी दुकाने मिटली तशी तीही गाडीत झोपली. उन्हे उतरल्यावर धक्क्याजवळ गाडी लावून आम्ही तिघे बाजारात पाव आणि सुंगटे, म्हणजे कोळंबी, घ्यायला गेलो. सासूबाई तिच्यापाशी होत्या. परत आलो तर त्याही घोरत होत्या, आणि खाटेवर चादरीखाली सुली. मामाने पेटीत पाहिले. "पांच जोड पुराय," म्हणाला आणि गाडी फेरीवर चढवली.

नदीच्या मध्यावर मी तिला उठवायला चादर ओढली. खाली उशी होती.

मी खाटेखाली पाहिले, पिंपामागे पाहिले, वेड्यासारखा स्टोव्हसुद्धा बाजूला केला. मामा पेटीतल्या लाल चपला हातात घेऊन उभा होता. "जोड आसा गे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तिचो जोड हांगाच आसा." पोर अनवाणी उतरली होती.

यजमान फेरी मागे फिरवा म्हणत फेरीवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "मदीं न्हंयेंत परतूंक मेळना. पलतडीं लागूंया." मागे पणजी लहान होत चालली होती आणि मला सगळीकडे पाणीच दिसत होते. धक्क्याचा उतार सरळ पाण्यात जातो हे मी सकाळीच पाहिले होते. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

बेतीला मामाने गाडी कशीबशी उतरवली, सासूबाईंना तिच्यात बसवले आणि त्याच फेरीने आम्ही उलटे निघालो. तो सगळ्यांत पुढे कठड्याला धरून उभा होता. "शांतादुर्गे, माझो जीव घे," एवढेच त्याच्या तोंडून ऐकू येत होते.

सुली धक्क्यावर एका मासेवालीच्या उपड्या टोपलीवर बसून पाव खात होती. मासेवालीने आमची खरडपट्टी काढली, "पोरीक टाकून खंय गेल्ले रे? गाडये फाटल्यान उदकांत वताली! हांवें झग्याक धरून ओडली." गाडीमागे धावत सुली पाण्यात उतरली होती, तिचा झगा गुडघ्यापर्यंत भिजला होता. ती मामाकडे बघून म्हणाली, "मी हाका मारल्या. तुम्ही थांबलाच नाहीत."

मामा तिथेच दगडावर बसला आणि हमसून रडला.

महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. खरे तर चादर मीच आधी उचलून पाहायला हवी होती. पेटी मात्र त्याने त्याच रात्री चुलीत घातली, आणि तेव्हापासून नावांची हजेरी सुरू झाली.

सुली लग्न होऊन पुण्याला गेली. पुढे काही वर्षांनी मामाने अंथरूण धरले. शेवटच्या दुपारी तो ग्लानीतच नावे घेऊ लागला. "आका?" त्याची आका, म्हणजे सासूबाई, त्याच्या आधीच गेल्या होत्या. "ती फुडें गेल्या," तो स्वतःच पुटपुटला. "वसंत?" यजमान म्हणाले, "आसां." "मालती?" "आसां, मामा." "सुली?"

मी तिच्या वतीने "आसां" म्हटले. त्याने डोळे उघडले. "हो आवाज तुजो गे."

यजमानांनी पुण्याला फोन लावला आणि वायर ताणून रिसीव्हर त्याच्या कानाशी धरला. "सुली?" त्याने विचारले. पलीकडून ती मोठ्याने म्हणाली, "आसां, मामा! आसां!" ते आम्हा सगळ्यांना ऐकू आले.

मामाने चादरीवर हात चाचपला आणि चावी फिरवावी तसे मनगट वळवले. "चलूंया तर," तो म्हणाला.

चार वाजायच्या आत तो गेला.